ऑकवर्ड व्हायचं नाही

नामाबद्दल जास्त माहिती सांगतो तो शब्द म्हणजे विशेषण. हे मी शाळेत इतक्या पोरांना घोकायला लावलंय, की कोरेगावच्या बाजारात आजही एखादा मिशीवाला बाप्या मला बघून पिशवी खाली ठेवतो आणि "बाई, गोड आंबा, उंच झाड!" म्हणून हात जोडतो. अशा बाईला रिटायर झाल्यावर एका विशेषणानं खिंडीत गाठावं, हे काही बरं झालं नाही. तेही इंग्रजी. आणि तेही पोटच्या पोरीनं आणून दिलेलं.

रविवारची दुपार होती. आमचे सुभेदार, म्हणजे माझे यजमान, जेवून सोफ्यावर आडवे झालेले. फौज सोडून किती काळ लोटला, तरी घरीदारी त्यांना सगळे सुभेदारच म्हणतात, मीसुद्धा. त्यांची थोरली बहीण आमच्याकडेच असते. मी त्यांना वन्सं म्हणते. त्या शेंगा फोडत बसलेल्या, म्हणजे फोडून खात बसलेल्या. तेवढ्यात पुण्याहून लेकीचा फोन आला. ती तिथं कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. नेमकं काय करते ते मला विचारू नका, तिनं मला पुष्कळदा समजावलंय आणि मी दर वेळी मान डोलावलीय.

"आई, एक सांगायचंय. ओरडू नकोस."

असं म्हटल्यावर कुठली आई आधी वाईटच धरून चालत नाही? पण निघालं भलतंच. एक मुलगा आहे म्हणाली. तिच्याच कंपनीत. कुंडलचा. वडिलांचं तमिळनाडूत गलाईचं दुकान होतं, सोनं गाळून शुद्ध करून द्यायचं. आता ते गावी परत येऊन ऊस बघतात. आई मूळची विट्याची. एवढं सगळं घडाघडा सांगून झाल्यावर अगदी हळू म्हणाली, "आणि आई, मला तोच पाहिजे."

आमची पोरगी कधी काही मागत नाही. जत्रेतसुद्धा दुसऱ्यांचे फुगे बघून खूश व्हायची. तिनं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी पाहिजे म्हटलं आणि ते मागायला किती लांब गेली, तर कुंडलला! मी ओरडणार होते कुठं, मला तर नाचावंसं वाटत होतं.

"पुढच्या रविवारी ते लोक येतो म्हणतायत. बघायचा कार्यक्रम वगैरे काही नाही हं. नुसतं भेटायचं. फक्त प्लीज, ऑकवर्ड करू नका."

"काय करू नको?"

"ऑकवर्ड."

"म्हणजे कसं?"

"म्हणजे... माझी रूममेट आली होती तेव्हा केलं होतंत ना, तसं."

मी आठवून बघितलं. रूममेट नागपूरची, अंगानं अगदी काडी. सुभेदारांनी तिला विचारलं होतं, वडिलांना पगार किती आणि पेन्शन बसते का. वन्सं म्हणाल्या होत्या, "आगं, अंगावर मास न्हाई तुझ्या, काय दुखनंबिखनं हाय का?" आणि तिनं ताटावर दोन्ही हात आडवे धरलेले असताना मी बोटांच्या फटीतून पुरी सरकवली होती. आता यात चुकलं काय? पाहुणीची चौकशी करायची नाही, तब्येतीची काळजी करायची नाही, पोटभर खाऊ घालायचं नाही, तर मग घरी बोलवायची कशाला? लॉजवर उतरवा की.

फोन ठेवल्यावर मी फोनमधलाच शब्दकोश उघडला. बेढब, ओबडधोबड, गैरसोयीचा. चष्मा पुसून परत वाचलं, तरी बेढबच. माझं डोकंच फिरलं. आयुष्यभर इस्त्रीची साडी नेसून शाळेत गेलेली बाई मी, आणि मी बेढब?

"तसं न्हाई गं," सुभेदार सोफ्यावरनं म्हणाले. त्यांना इंग्रजी माझ्यापेक्षा बरं येतं, कारण ते साहेबांच्या शिव्यांतून शिकलेत. "फौजेत लय वेळा झालंय माझं. समज, परेडला सावधान हुबा हाईस. आन् तुझ्या पँटची चेन हाय उघडी."

"मी कशाला पँट घालू?"

"समज गं! सायब समोर हाय. सायबाला दिसतंय. तुला कळतंय की सायबाला दिसतंय. पर सायब बोलत न्हाई, आन् तुला सावधानमधनं हात हालवता येत न्हाई. त्ये ऑकवर्ड."

"मग साहेबानं सांगावं की, बाबा रे, चेन लाव."

"त्येच तर! सांगितलं तर आनखी ऑकवर्ड."

वन्सं शेंग तोंडात टाकत म्हणाल्या, "तुज्या चेनीचं कुंडलच्या पाव्हण्यास्नी कशाला सांगायचं रं?"

शब्द शिकायचा तर वाक्यात वापरून बघायचा, हा माझा शाळेतला नियम. पोरांना मी याच नियमानं रगडलंय, तर स्वतःला कशी सोडीन? दुसऱ्याच दिवशी मंडईत गवारीचा भाव ऐकला आणि म्हणाले, "फारच ऑकवर्ड लावलायस रे." भाजीवाला म्हणाला, "बाई, घरचीच हाय, औषीद मारल्यालं न्हाई." ऐन फोडणीत गॅस संपला, ते ऑकवर्ड. शेजारणीची सून ऊन अंगावर आल्याशिवाय उठत नाही, ते ऑकवर्ड. वन्संचा गुडघा जिना चढताना कुरकुर करतो, तोही ऑकवर्ड. संध्याकाळी लेकीला फोन करून ही सगळी वाक्यं मी तपासायला द्यायची आणि ती पलीकडं खिदळायची.

"आई, गवार ऑकवर्ड नसते गं!"

"आणि गुडघा?"

"गुडघापण नाही."

"मग काय असतं बाई एवढं, एकदाच काय ते सांगून टाक."

"माणसं असतात."

"कसली माणसं?"

"आपल्यासारखी," ती म्हणाली आणि हसली.

ती हसली, पण मला हसू आलं नाही. फोन ठेवला आणि तशीच ओट्यापाशी उभी राहिले. हिला आमची लाज वाटते की काय? या घरात वाढली, इथंच धपाटे खाल्ले, इथल्याच बोलीत पहिला शब्द बोलली, आणि आता आम्ही तिला उघड्या चेनीसारखे वाटायला लागलो? राग आला. रागाच्या खाली रडू होतं, पण मी रागच वर ठेवला, मला तो झेपतो. म्हटलं, ठीक आहे. पोरीला तो मुलगा पाहिजे ना? तर आमच्या तोंडामुळं किंवा आमच्या हातामुळं तो जाणार नाही. असं वागून दाखवते, की पुण्याच्या लोकांनी शिकायला यावं.

सुभेदारांनी तर रिहर्सलच घेतली. दिवाणखान्यात खुर्च्या मांडल्या. वन्संना मुलाची आई केलं, स्वतः मुलाचे वडील झाले आणि मला दारात उभं केलं. आधी हुकूम वाचून दाखवावेत तसे सगळे नियम तोंडी सांगितले. पगार विचारायचा नाही. जमीन विचारायची नाही. कुणाचे कोण, पाव्हणं कुठलं, मामा कुठला, काही उकरायचं नाही. कुणाला जाड म्हणायचं नाही, बारीक म्हणायचं नाही. साडी-नारळ, टॉवेल-टोपी असला मानपान करायचा नाही. आणि जेवताना पाहुणा 'नको' म्हणाला की विषय डिसमिस, वाढायचं नाही.

"आन् मग बोलायचं काय?" वन्संनी विचारलं. "पाव्हणं आल्यावर काय रेडू लावून बसायचं?"

"हवामान," सुभेदार म्हणाले. "आन् रस्ता. ह्ये दोन विषय सेफ हायती."

वन्संना हे काही केल्या जमेना. मुलाची आई म्हणून खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी मलाच विचारलं, "तुमचं म्हायेर कुठलं गं?" सुभेदारांनी "कट!" म्हणून ओरडून त्यांना परत दारातून आत यायला लावलं. शेवटी त्यांनी स्वतःच तोडगा काढला. तोंडात विचारण्यासारखं काही आलं, की पदराचा बोळा तोंडाला लावायचा.

रविवार उजाडला. मी पहाटेपासून पुरण घाटत होते. पोळ्या अशा झाल्या की सांगता सोय नाही, कडेपर्यंत पुरण, वर तूप. कटाची आमटी, कुरडया, पापड, भजी, सगळं. लेक आदल्या दिवशीच आली होती. ती घरभर फिरून आम्हाला एकेकाला बघत होती, आणि आम्ही तिघं शाळा तपासायला साहेब आल्यासारखे कपडे सावरत होतो.

मंडळी आली. मुलगा, त्याचे वडील आणि आई. मुलगा देखणा वगैरे नाही, पण डोळ्यांत लबाडी नाही. वडील पांढऱ्या सदऱ्यातले, धिप्पाड. आई माझ्यासारखीच आडव्या अंगाची, तोंडावर हसू. आत येताना त्या बाईनं घराकडं अशी नजर टाकली की मी ओळखलं, हिला विचारायचंय, कधी बांधलं, किती खर्च आला, कर्ज काढलं का. पण तिनं काही विचारलं नाही. मीही नाही.

"रस्ता कसा होता?" सुभेदारांनी तोफ डागली.

"बरा होता."

"कराडवरनं आलासा?"

"व्हय."

"ऊन लय हाय."

"हाय की."

झालं. दोन्ही विषय संपले. पंखा फिरत होता, तो आम्ही सगळ्यांनी बघितला. मुलाच्या वडिलांनी एकदा घसा खाकरून "तुमची शेती..." अशी सुरुवात केली, तर मुलाला जोराचा खोकला आला. तेही पंखा बघायला लागले. त्याच्या आईनं माझ्याकडं बघून तोंड उघडलं आणि परत मिटलं. वन्संनी पदराचा बोळा तोंडात इतका खोलवर घातला होता, की पाहुण्यांना वाटलं असेल या बाईची दाढ दुखते. मग सुभेदार म्हणाले, "परतीचा रस्ता पण बराच आसंल." यावरही सगळ्यांनी माना डोलावल्या.

पानं वाढली. आता आमच्या भागात पाहुणा कसा जेवतो, ते सांगायला पाहिजे. पाहुण्यानं पहिल्यांदा नको म्हणायचं असतं, आणि आपण वाढायचं असतं. मग त्यानं ताटावर हात धरायचा, तरी वाढायचं. मग त्यानं "आवं, मारता का काय!" म्हणून ओरडायचं आणि सगळं चाटूनपुसून खायचं. पहिल्या पोळीला जो स्वतःहून हो म्हणतो, त्याला आमच्याकडं हावरट म्हणतात.

मी दुसरी पोळी घेऊन मुलाच्या आईपाशी वाकले. "पोळी?"

"नको नको," ती म्हणाली, आणि अगदी रीतीप्रमाणं हसली.

माझा हात आपोआप ताटाकडं निघाला होता. लेकीनं माझ्याकडं बघितलं. मी हात मागं घेतला आणि म्हणाले, "बरं."

त्या 'बरं'नंतर त्या माउलीचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. पोळी माझ्या हातात, तिची नजर पोळीवर, आणि मी पोळी घेऊन चालले स्वयंपाकघरात. मुलाचे वडील म्हणाले, "बास झालं." मी म्हटलं, "बरं." भजी? "नको." "बरं." एवढा धिप्पाड माणूस एका पोळीवर उठला. हात धुताना त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं एकदा वळून बघितलं. आत पोळ्यांची चवड तशीच होती. माझ्या जिवाची नुसती तगमग होत होती, पण म्हटलं, पोरीसाठी. साडी, नारळ, टॉवेल-टोपी सगळं आणून ठेवलेलं, तेही कपाटातच राहिलं. नुसतं कुंकू लावलं आणि निरोप दिला.

गाडी वळणावर गेली आणि लेकीनं मला गच्च मिठी मारली. "आई, बेस्ट! काहीच ऑकवर्ड झालं नाही!"

सुभेदारांनी तिला कडक सॅल्यूट ठोकला. वन्संनी तोंडातला बोळा काढला आणि पहिलं वाक्य बोलल्या, "म्या इचारलं न्हाई, पर ती बाई आपल्या चुलतीच्या म्हायेरच्या पाव्हण्यातली वाटतीया." मी पोळ्यांची चवड झाकून ठेवली.

थोड्या वेळानं सुभेदारांचा फोन वाजला. त्यांचा फौजेतला जोडीदार रहिमतपूरच्या रस्त्याला हॉटेल चालवतो. त्याचा आवाज मला ओट्यापर्यंत ऐकू आला. "सुभेदार, तुमच्याकडं आल्याली कुंडलची मंडळी हितं मिसळ खात्यात. पाव दोनदा मागून झाला. तुमच्याकडं काय उपास हुता का?"

सुभेदार मला म्हणाले, "लेकीला सांगू नगं." मी सांगितलं नाही. लेक आनंदात पुण्याला गेली.

पण पुढच्याच शनिवारी ती न सांगता परत आली, डोळे सुजवून. आली ती सरळ माझ्या मांडीवर पडली. मुलाच्या घरचे म्हणत होते, ते लोक आपल्याला द्यायला तयार नाहीत. ज्याला पोरगी द्यायची असते तो माणूस पोराचा पगार विचारतो, रान विचारतो, पाव्हणं काढतो. यांनी तर रस्ता विचारला. पोळी ताटासमोरनं परत नेली. साडीचोळी नाही, टोपी नाही. याचा अर्थ सरळ आहे, तोंडानं नाही म्हणवलं नाही म्हणून असं केलं. जिथं आपण नको झालोय तिथं परत जायचं नाही.

"आई, त्याची आई जेवतच नाहीये म्हणे नीट. म्हणते, असा अपमान आमचा कुणी केला नव्हता." पोरगी हुंदके देत होती. "तू काहीतरी कर."

"आता करू? आता काय करू?" माझा पारा चढला. "त्या दिवशी हात धरून बसवलंस मला! माझ्या हातातली पोळी त्या बाईच्या ताटात पडली असती, तर आज तुझी सुपारी फुटली असती!"

"चुकलं माझं."

"तुला लाज वाटते आमची."

"नाही गं आई. मला भीती वाटत होती. तो एकच मुलगा आहे मला आवडलेला, आणि तो आपल्यामुळं जाईल अशी भीती वाटत होती."

मग दोघी रडलो. सुभेदार आत येऊन बघून गेले, परत आले, पाण्याचा तांब्या ठेवून गेले. मी नाक पुसलं आणि उठून हरभऱ्याची डाळ शिजत घातली.

"काय करतेस?"

"पुरण. उद्या सकाळी कुंडलला जायचं."

"न सांगता? आई, ते किती ऑक..." एवढं बोलून तिनं स्वतःच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

सकाळी निघालो. मागच्या सीटवर मी, वन्सं आणि मधे पोळ्यांचा डबा. कपाटातली साडी, नारळ, टॉवेल-टोपी, सगळं पिशवीत. सुभेदारांनी उन्हाळ्यात ब्लेझर चढवलेला. लेक पुढच्या सीटवर बसली होती, पण कुंडलची वेस दिसली तशी ती खाली खाली सरकायला लागली. घरापाशी पोचलो तेव्हा खिडकीतून तिचं नुसतं कपाळ दिसत होतं.

"मी नाही येत आत. मी मरेन."

"बस मग हितंच," वन्सं म्हणाल्या. "काच खाली ठिव, न्हाईतर खरंच मरशीला."

मुलाची आई अंगणात गहू पाखडत होती. आम्हाला बघून सूप तसंच हातात राहिलं. आतून मुलाचे वडील आले, ते बनियनवरच. कुणी या म्हणेना, कुणी बसा म्हणेना. सुभेदारांनी तोंड उघडलं आणि मला दिसलं, हे आता रस्त्याविषयी बोलणार. मी त्यांना कोपरानं बाजूला सारलं.

"तुमच्या पोराला पगार किती?" मी विचारलं. चप्पलसुद्धा काढली नव्हती.

बाई बघतच राहिली.

"आणि ऊस किती आहे? पाणी नदीचं का विहिरीचं? घर कुणाच्या नावावर आहे? भावकीत भांडण आहे का? आणि तुमचं माहेर विट्यात कुठल्या गल्लीत?"

मग तिच्या तोंडावर जे हसू फुटलं, ते थेट कानापर्यंत गेलं. सूप टाकलं तिनं खाली. "आवं, आत तर या! सांगते की! सगळं सांगते!" आणि मग वळून नवऱ्याला म्हणाली, "बघितलंसा? इचारत्यात! पगार इचारत्यात त्या!"

मग जो काय गलका झाला म्हणता! पगार कळला, ऊस कळला, विहीर कळली. त्यांनी आमचं घर किती फुटांचं, सुभेदारांची पेन्शन किती, वन्संचे दात खरे का बसवलेले, सगळं विचारून घेतलं. वन्संनी तर चहा यायच्या आत पाव्हणं काढलं. मुलाच्या आईची मावशी आमच्या चुलत सासूच्या माहेरी दिलेली निघाली. आठवडाभराचा तुंबलेला माल बाहेर पडत होता, त्यांना कोण थांबवणार?

"पर त्या दिवशी असं का केलंसा हो?" मुलाच्या आईनं माझा हात धरून विचारलं. "मी पोळीकडं बघत बसले, आन् तुमी घिऊन गेलासा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं."

मी लेकीची ताकीद आणि सुभेदारांचे नियम सांगितले. ती कपाळावर हात मारून खाली बसली. "आवं, आमच्या पोरानं बी तसंच बजावलं हुतं! काय इचारायचं न्हाई, पुन्यात राहिल्याली पोरगी हाय, ऑकवर्ड वाटंल म्हणाला. मी गाडीत नुसती वळवळत हुते. वाटंत मिसळ खाताना रडले मी!"

"तुमचा मुलगा कुठाय?" मी विचारलं.

तोही शनिवारीच घरी आलेला, पण आता कुठं आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. दारात जाऊन बघितलं तर तो आमच्या गाडीत होता. लेकीच्या शेजारी, ड्रायव्हरच्या सीटवर, तोही खाली सरकून बसलेला. घरातनं "कर्ज आहे का?" अशी आमची आरोळी आली, की दोघं आणखी खाली जात होते. घामानं भिजले होते बिचारे. पण हात धरून बसले होते.

जेवायला बसलो तेव्हा मी रीतीप्रमाणं नको म्हणाले. ताटावर हात आडवा धरला. त्या बाईनं माझ्या हातावरच तुपाची धार धरली. तूप बोटांतून गळून पोळीवर पडलं, आणि मी "आवं, मारता का काय!" म्हणून ओरडले. मी आणलेल्या पोळ्याही तिनं मलाच वाढल्या. परत येताना आमच्या अंगावर त्यांची साडी-टोपी होती, त्यांच्या अंगावर आमची, आणि कुणाला धड श्वास घेता येत नव्हता.

लग्न झालं. त्यात काही सांगण्यासारखं नाही, सगळे सगळ्यांना सगळं विचारत होते.

लग्नानंतर लेक आणि जावई पहिल्यांदा माहेरी आले, ते एका साध्याच दुपारी. पुरणबिरण काही नाही, तिच्या आवडीची ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. सगळे पंगतीला बसले. मी तव्यावरची गरम भाकरी घेऊन आले आणि लेकीपाशी वाकले. आता या पोरीनं आयुष्यभर माझ्या भाकरीला दोनच उत्तरं दिलीत. एक तर "आण की लवकर!" नाहीतर "नको म्हणून सांगितलं ना, ऐकू येत नाही का तुला!" असं किंचाळून.

तिनं ताटावर हात आडवा धरला. मान जराशी वर करून हसली आणि म्हणाली, "नको आई, भरपूर झालं. छान झालंय सगळं."

मी तशीच थांबले. भाकरी हाताला चटके देत होती, तरी मला ती ठेवावी कुठं ते कळेना. तिचं काही चुकलं नव्हतं. माझंही नाही. कुणी रागावलं नव्हतं, कुणी लागेल असं बोललं नव्हतं. सुभेदार भरीत कालवत होते, वन्सं जावयाला केस कधीपासून गळायला लागले ते विचारत होत्या. पण माझी पोरगी माझ्याच घरात पाहुण्यासारखं नको म्हणाली होती, अगदी रीतीत, गोड आवाजात. पुढं होता येईना, मागं फिरता येईना, आणि तिच्याकडं बघताही येईना.

म्हणजे हे ते होय! शब्दकोशात नव्हतं, सुभेदारांच्या परेडमध्ये थोडं होतं, आणि गवारीत तर नव्हतंच.

"ऑकवर्ड," मी मोठ्यानं म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. लेकीनंही बघितलं, आधी माझ्या तोंडाकडं, मग माझ्या हातातल्या भाकरीकडं, मग स्वतःच्या ताटावरच्या हाताकडं. तिचे डोळे भरून आले.

"अगं, अर्धीच नको म्हणत होते," ती म्हणाली आणि हात काढला.

मी अख्खी वाढली.